सह्यांचा कागद आणि सुजलेला घोटा

वाचकाचं पत्र (नाव आणि कॉलेज गाळून, थोडक्यात)

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, फुटबॉल संघाचा कॅप्टन. आमच्याकडे अकरा वर्षं एकच सर होते. स्वतः तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले, पेठेत सगळे ओळखतात. गेल्या वर्षी आम्ही सातपैकी सहा सामने जिंकून झोनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेत, पहिले आलो. जूनमध्ये सर निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये नवे सर आले. तिशीच्या आसपासचे, पुण्याचे, प्रशिक्षकाच्या लायसन्सचा कोर्स केलेले. त्यांनी आल्या आल्या सगळं बदललं. गोलकीपरनं लांब किक मारायची नाही, मागून पास करत वर यायचं. मी पहिल्यापासून फॉरवर्ड, मला राइट बॅकला, म्हणजे मागे उजव्या बाजूच्या बचावाला टाकलं. निकाल असा: आठ सामने, एक जिंकला, एक बरोबरीत, सहा हरलो. त्यातले चार एका गोलनं. झोनलला पहिल्याच फेरीत बाहेर. गेल्या वर्षीच्या अकरातले सहा जण पास होऊन गेले हे खरं, पण नवी पोरंही चांगली आहेत. मी पेठेतल्या तालमीकडूनही खेळतो. तिथले सीनियर म्हणतात, ‘काय भावा, तुमचा पास पुण्यापर्यंत जातोय, गोलपर्यंत न्हाई.’ सर सगळ्यांसमोर बोलतात. एकदा हाफ टाइमला एका पोराला म्हणाले, तुझी बूट घालायची लायकी नाही. झोनलला आमच्या सेंटर हाफचा (मधल्या बचावपटूचा) घोटा सुजलेला असताना स्प्रे मारून पूर्ण वेळ खेळवलं. आता पोरांनी प्राचार्यांना द्यायला अर्ज लिहिलाय: सलग पराभवांमुळे प्रशिक्षक बदलावेत, जुन्या सरांना मानधनावर परत बोलवावं. अठरापैकी चौदा सह्या झाल्यात. सगळ्यात वरची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवलीय. सही केली तर सरांशी गद्दारी, नाही केली तर पोरांशी. सोमवारी अर्ज द्यायचाय. काय करू?

प्रिय कॅप्टन,

तुझं मूळ पत्र वहीची चार पानं आहे. वर त्याचा सारांश दिलाय. मी आयुष्यभर कॉलेजात खेळ शिकवला, पेपरही तपासले. कुणी कशाला किती जागा दिलीय हे बघायची खोड अजून गेलेली नाही. तुझ्या पत्रात मागून पास करत येण्यावर दीड पान आहे. तुला राइट बॅकला टाकलं यावर जवळजवळ एक पान. तालमीतल्या चेष्टेवर अर्धं. आणि सुजलेल्या घोट्यावर एक ओळ, तीही ‘शिवाय’ने सुरू होणारी.

मी तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळं सोमवारपर्यंत थांबेल, हे थांबणार नाही.

झोनलचा तो सामना होऊन किती दिवस झाले आणि त्या मुलाचा घोटा आता कसा आहे, हे तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तुला माहीत नसावं. आज त्याला भेट. चार पावलं नीट टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात त्यांच्या मागच्या कडेवर, टोकाशी दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. यात लिंबू-हळदीचा लेप आणि ‘गरम पाण्यात मीठ टाकून शेक’ हे चालणार नाही. हाडाला काही नसलं तरी ताणलेले अस्थिबंध भरून यायला वेळ लागतो, आणि नीट भरून न आलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. गार स्प्रेनं फक्त तेवढ्यापुरती बधिरता येते. आत जे झालंय ते तसंच राहतं, वर त्यावर पूर्ण सामनाभर पळणं.

आता जरा अवघड प्रश्न. स्प्रे कुणी मागितला? सरांनी सूज पाहिली होती, की मोज्यावरूनच ‘काय रे, खेळतोस ना?’ असं विचारलं? आणि त्यानं ‘खेळतो सर’ म्हटलं? विसाव्या वर्षी, झोनलच्या सामन्यात, कुठलाही पोरगा हेच म्हणेल. तूही म्हणाला असतास. म्हणूनच हा निर्णय खेळाडूवर सोडायचा नसतो आणि ज्याला सामना जिंकायचाय त्या माणसावर तर नाहीच नाही. सरांनी विचारलं असो वा नसो, जबाबदारी त्यांचीच राहते. पण नेमकं काय झालं ते तुला माहीत असल्याशिवाय तू ते कुणाला सांगू नकोस. आधी त्या मुलाला विचार. त्याच्या डोक्यावरून त्याच्या पायाचं राजकारण करू नका.

त्याची तयारी असेल तर ही गोष्ट क्रीडा संचालकांना लेखी द्या. पाच ओळी पुरतात: तारीख, सामना, कुणाचा घोटा, काय झालं, आता काय हवंय. ‘काय हवंय’मध्ये डॉक्टरांचा खर्च जिमखान्यानं करावा आणि पुढे दुखापत झालेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या कागदाशिवाय मैदानात उतरवू नये, एवढंच. या कागदावर त्या मुलाची आणि कॅप्टन म्हणून तुझी सही. चौदा सह्या इथे नकोत. ही तक्रार खरी असेल तर एका सहीवर उभी राहते.

आता हरण्याकडे वळू.

तुमचा अर्ज ‘सलग पराभवांमुळे’ या शब्दांनी सुरू होतो. म्हणजे पराभव सरांमुळे झाले हे तुम्ही धरूनच चाललाय. पण तूच अर्ध्या वाक्यात लिहून गेलास की अकरातले सहा गेले. कॉलेजच्या संघाचा हा शापच आहे. तालमीच्या संघात एकेक जण दहा-दहा वर्षं खेळतो, गॅलरीतल्या लोकांना त्याच्या किकेचा आवाज ओळखता येतो. कॉलेजात पोरगं तयार होतं न होतं तोच मार्कशीट घेऊन निघून जातं. जाणारे सहा कोण होते? गेल्या वर्षी गोलकीपरच्या लांब किकेवर पुढे डोकं लावणारा कोण होता? तो त्या सहांतच असेल, तर लांब किक मारून ती पडणार कुणाच्या डोक्यावर होती?

शिवाय सर आले ऑगस्टमध्ये. कोल्हापूरचा ऑगस्ट तुला मी सांगायला नको. मैदानावर चिखल, कधी गुडघाभर पाणी, निम्मे सराव जिमखान्याच्या व्हरांड्यात. पहिल्या सामन्याआधी कोरड्या मैदानावर पूर्ण संघाचे सराव किती झाले, ते हजेरीच्या वहीत मोज. आकडा दोन अंकी निघाला तर मला आश्चर्य वाटेल.

पण इथे मी पोरांच्या बाजूचाही आहे. चिखलात मागून छोटे पास करत यायचा हट्ट हा हट्टच. चेंडू डबक्यात थांबतो, समोरचा फॉरवर्ड तिथेच टपलेला असतो. कोर्समध्ये शिकलेली गोष्ट मैदान बघून बाजूला ठेवता येणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. सरांना ते पहिल्या वर्षी जमलं नसेल. हे त्यांना सांगायला हवं. प्रश्न एवढाच की अजून कुणी सांगितलंय का?

‘चार सामने एका गोलनं हरलो’ हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस. एकदा सरांविरुद्ध (थोडक्यात जिंकलो असतो, यांनी घालवलं) आणि एकदा नशिबाविरुद्ध. एका गोलच्या पराभवातून दोन्ही अर्थ निघतात, म्हणून मी त्यावर पैज लावत नाही. यावर अमेरिकेतला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचं, हातात घेऊन पळायचं. खेळ वेगळा, पण कॉलेजचा संघ हरायला लागला की गावात जे काय होतं ते पेठेसारखंच. नेब्रास्का विद्यापीठानं २०१८ साली स्कॉट फ्रॉस्ट यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. घरचाच माणूस, १९९७च्या विजेत्या संघात खेळलेला. पहिल्या वर्षी सुरुवातीचे सहा सामने हरले, हंगाम संपला तो ४ विजय, ८ पराभवांवर. लोकांनी धीर धरला. २०२१मध्ये तर गंमतच झाली. १२पैकी ९ सामने हरले आणि नऊच्या नऊ सामने नऊ किंवा कमी गुणांनी, म्हणजे त्या खेळात थोडक्यातच. सगळे म्हणाले, किती दुर्दैवी, पुढच्या वर्षी बघा. पुढच्या वर्षी सप्टेंबरातच त्यांना काढावं लागलं. एकूण हिशेब १६ विजय, ३१ पराभव. थोडक्यात हरणं हे दर वर्षी नशीब नसतं. कधी कधी शेवटच्या दहा मिनिटांत काय करायचं हे संघाला कुणी शिकवलेलंच नसतं, तसं.

उलट टोकाचा किस्सा त्याच देशातला. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा संघ इतका वाईट की १९८९ साली बिल स्नायडर आले तेव्हा दोन पूर्ण हंगामांत त्यांनी एकही सामना जिंकलेला नव्हता. स्नायडर यांच्या पहिल्या वर्षी ११पैकी फक्त १ विजय. तेवढ्यावर अर्ज गेला असता तर कुणी दोष दिला नसता. दुसऱ्या वर्षी ५ जिंकले, तिसऱ्या वर्षी ७. पुढे त्याच गावात स्टेडियमला त्यांच्या घराण्याचं नाव लागलं. पण हे उदाहरण तुझ्या सरांच्या वकिलानं वापरलं तर मीच हरकत घेईन. स्नायडर यांना तळाला गेलेला संघ मिळाला होता. तुझ्या सरांना झोनल जिंकलेला मिळाला, निदान कागदावर तरी.

मग प्रशिक्षक बदलून काय होतं? याच अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर तीन अभ्यासकांनी १९९७ ते २०१० या काळातले संघ तपासले. अगदी वाईट खेळणाऱ्या संघांनी प्रशिक्षक बदलला तरी, तसेच वाईट खेळणाऱ्या पण न बदलणाऱ्या संघांपेक्षा त्यांचं काही फार बरं झालं नाही. मधल्या दर्जाच्या संघांनी बदलला तर त्यांचं आणखी बिघडलं. हा काही आकाशातून आलेला नियम नाही, आणि आपल्याकडे तर हंगाम म्हणजे जेमतेम आठ-दहा सामने. पण ‘सर बदलले की जिंकू’ हे गृहीतक किती कच्चं आहे तेवढं यावरून कळावं. आणि वेळ दिला की सुधारतंच, हेही तितकंच कच्चं. फ्रॉस्टना वेळ दिला होताच की.

म्हणून निकालाचा कागद बाजूला ठेव आणि एक संध्याकाळ काढ. तू, गोलकीपर, आणि अर्जावर सही न केलेल्या बाकीच्यांपैकी कुणीतरी दोघं. (त्यांना विचारलंयस का रे, की त्यांनी सही का केली नाही?) चहाच्या गाड्यावर बसा आणि आठही सामन्यांत खाल्लेला एकेक गोल आठवून लिहा. कसा झाला? आपल्याच गोलसमोर पास चुकून? कॉर्नरवर? की सगळे पुढे गेलेले आणि मागे कुणी नाही म्हणून? मग पहिले चार सामने आणि शेवटचे चार सामने वेगळे करा. मागून पास चुकून खाल्लेले गोल शेवटच्या चारात कमी झाले असतील, तर पोरं शिकतायत, निकाल मागाहून येईल. तसेच राहिले असतील, तर सरांशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी आहे. ‘सर, आपण हरतोय’ हे त्यांनाही माहीत आहे. ‘सर, अकरापैकी सहा गोल आपण आपल्याच गोलसमोर चेंडू घालवून खाल्ले’ हे ऐकल्यावर माणूस वही उघडतो.

आता एक प्रश्न, राग मानू नकोस. तुला फॉरवर्डलाच ठेवलं असतं आणि निकाल हेच लागले असते, तर सहीचा विचार इतका जड गेला असता का? किंवा उलट, पटकन केली असतीस का? तुझ्या पत्रातून मला दोन्ही वास येतात. राइट बॅक होणं तुला शिक्षा वाटतेय. सरांच्या खेळात चेंडू आधी मागच्या माणसाकडे येतो, तिथे ज्याच्यावर भरवसा आहे असा माणूस त्यांना हवा असेल. किंवा तू फॉरवर्ड म्हणून त्यांना पसंत नसशील, तेही शक्य आहे. दोन्हींपैकी काय, हे तुला ठाऊक नाही कारण तू विचारलेलं नाहीस. विचार. उत्तर आवडलं नाही तरी निदान तुझी वैयक्तिक खदखद चौदा जणांच्या कागदात मिसळणार नाही.

आणि जुने सर. त्यांना मानधनावर परत बोलवा असं लिहिताना त्यांना कुणी विचारलं का? माणूस निवृत्त झालाय. नातवाला शाळेत सोडून तो निवांत पेपर वाचत असेल, आणि तुम्ही त्याच्या नावानं अर्ज देऊन त्याला एका तरुण माणसाच्या पोटावर पाय देणारा ठरवताय. त्यांच्या घरी जा. चहा घे. अर्जाचं बोलायच्या आधी एवढंच विचार की सर, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हाचा तुमचा पहिला हंगाम कसा गेला होता?

माझा गेला होता तो सांगतो. मी कबड्डीचा माणूस. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात लागलो. नवी नोकरी, अंगात रग. सराव पहाटे पावणेसहाला, एक मिनिट उशीर झाला की मैदानाला दहा फेऱ्या. त्या वर्षी आम्ही सपाटून हरलो. जानेवारीत प्राचार्यांनी बोलावलं आणि टेबलावर एक फुलस्केप ठेवला. बारापैकी नऊ सह्या. त्यातली एक हिरव्या शाईची होती. हिरव्या शाईचं पेन वापरणारा एकच पोरगा होता, आणि संध्याकाळी त्याला मी माझ्या लुनावरून नाक्यापर्यंत सोडत असे. त्या सहीकडे मी किती वेळ बघत होतो, मला आठवत नाही. अर्जात पराभवाचं होतं, माझ्या ओरडण्याचं होतं, आणि शेवटी एक ओळ होती: वाड्यांवरच्या मुलांना मुद्दाम शिक्षा करतात. मला संताप आला. मी कधी कुणाची वाडी विचारली होती? मग एका शिपायानं सांगितलं, साहेब, तिकडची पहिली एसटी इथं सहा चाळीसला येते. पाच पोरं त्या एसटीनं यायची. रोज. उतरून धावत मैदानावर, आणि मग माझ्या दहा फेऱ्या.

पोरांचं बरोबर होतं. तरीही तो अर्ज चुकीचा होता, कारण ती एसटी शेवटच्या ओळीत, पराभवांच्या आणि शिव्यांच्या खाली गाडलेली होती. ‘सर, आमची गाडी सहा चाळीसला येते’ एवढं एक वाक्य कुणी जुलैत म्हटलं असतं तर जुलैतच सराव संध्याकाळी गेला असता. आणि मी विचारलं असतं तर? तोही दोष माझा. सराव संध्याकाळी नेला. पुढच्या वर्षीही हरलोच म्हणा, पण बारा जण वेळेवर येऊन हरलो. हिरव्या शाईवाल्याला मी पुन्हा लुनावर घेतलं, पण बरेच दिवस आम्ही दोघं रस्त्यानं काही बोलत नसू.

तुझ्या अर्जातली एसटी म्हणजे तो घोटा. आणि थोडीफार ती बुटाची गोष्ट.

तिच्याबद्दलही बोलू. ‘बूट घालायची लायकी नाही’ हे सगळ्यांसमोर बोलणं वाईटच. पण जुने सर काय आरती म्हणायचे का हाफ टाइमला? मी कोल्हापूरचं मैदान पाहिलंय. तिथे सीनियर ज्या भाषेत प्रोत्साहन देतात ती छापता येत नाही. जुन्या सरांच्या शिव्या गोड वाटायच्या कारण अकरा वर्षांत त्यांनी कुणाची फी भरली होती, कुणाला दवाखान्यात नेलं होतं. नव्या माणसाच्या खात्यात अजून काहीच जमा नाही आणि तो खर्च करत सुटलाय. कारण समजलं म्हणून ते चालवून घ्यायचं असं नाही. ज्याला बोलले त्याला विचार, त्याला काय वाटतं. त्याला ते लागलं असेल तर सरांना ते सांगायचं काम कॅप्टनचं.

सरांशी बोलायचं कसं? मैदानावर नाही, सराव संपल्यावर घामेजलेले असताना नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. ‘सर, उद्या अर्धा तास हवाय, संघाचं बोलायचंय’ असं सांगून जिमखान्याच्या खोलीत. बरोबर व्हाइस कॅप्टन घे. तिसरा नको, मग मोर्चा वाटतो. गोलांची वही ने. सुरुवात ‘पोरं म्हणतात’ने करू नकोस; ज्या गोष्टी तुला स्वतःला म्हणायच्यात त्या ‘मला वाटतं’ म्हणून म्हण. आणि अर्जाचं लपवू नकोस. ‘सर, असा एक अर्ज फिरतोय, त्यावर चौदा सह्या आहेत, मी केलेली नाही, पण त्यातल्या काही गोष्टी मला पटतात आणि त्या मी तुमच्या तोंडावर सांगायला आलोय.’ कुणाकुणाच्या सह्या आहेत ते मात्र सांगू नकोस, त्यांनी कितीही विचारलं तरी.

मागायचं काय? मैदान ओलं असेल त्या दिवशी काय खेळायचं ते आधी ठरवून त्याचा सराव. अकरा जणांची नावं आदल्या दिवशी, आणि ज्याची जागा बदलली त्याला कारण. चुकलं तर बाजूला घेऊन बोलणं. दुखापतीचा निर्णय डॉक्टरचा. यातली एकही गोष्ट अशी नाही की जी मान्य केल्यानं सरांचा मान जाईल. ते चिडतील कदाचित, मीही चिडलो होतो. दोन दिवस दे.

आता राहिला तो कागद. सोमवारच्या त्या अर्जावर सही करू नकोस. कारण त्यात मागितलेली गोष्ट चुकीची आहे आणि मागायला हवी होती ती गोष्ट त्यात नाही. पण नुसतं ‘मी सही करणार नाही’ म्हणून बाजूला उभा राहिलास तर पोरांनी तुला सरांचा चमचा म्हटलेलं मला खोटं वाटणार नाही. उद्या सगळ्या अठरा जणांना बोलव. घोट्याचा कागद, त्या मुलाची हरकत नसेल तर, सगळ्यांना वाचून दाखव. सरांना भेटायला जातोय हे सांग, काय मागणार ते सांग, आणि पंधरा दिवस माग. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर मागण्यांचा लेखी अर्ज क्रीडा संचालकांना जाईल आणि त्यावर पहिली सही तुझी असेल, असा शब्द दे. दिलास तर पाळ. तरीही पोरांना सोमवारीच जायचं असेल तर जाऊ दे. तो त्यांचा हक्क आहे. वरची जागा रिकामीच राहील. प्राचार्य विचारतीलच की कॅप्टनची सही का नाही, तेव्हा तू दोन्ही बाजू सांगशील. यात तू गद्दारी कुणाशी केलीस ते मला सापडत नाही. दोन्हीकडे सारखंच बोलणाऱ्या माणसाला तो शब्द लागत नाही.

आणि बोलल्याची शिक्षा म्हणून तुला किंवा त्या घोटेवाल्या मुलाला बाकावर बसवलं, फॉर्म अडवला, असलं काही झालं तर मग गप्प बसायचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. नोटीस बोर्डावर किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर तिची माहिती सापडेल, नाही सापडली तर ऑफिसात विचार. कागदांची एकेक झेरॉक्स, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून, तुझ्याकडे ठेव. हा शिक्का मारून घ्यायला पोरं लाजतात. लाजू नये.

तालमीतल्या सीनियरांचं मी मनावर घेतलं नसतं. विनोद चांगला आहे, मी दोन जणांना सांगितला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पूर्वार्धात ज्याला खांद्यावर घेतात त्याला उत्तरार्धात घरी पाठवतात, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस.

हे वाचणारे काही पालक आणि माझ्यासारखे काही खेळाचे शिक्षकही असतील. पालकांनो, पोरगं हरून घरी आलं की ‘कोचच बेकार’ हे वाक्य आपल्या तोंडून आधी येतं. त्याऐवजी पाय दाखव म्हणा. आणि नव्यानं लागलेल्या प्रशिक्षकांनो, पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोराला विचारा, तू कुठून येतोस आणि कशानं येतोस. वही केलीत तर एका पानात मावतं.

तर कॅप्टन, आज शनिवार. सरांची भेट उद्या-परवा होईल, गोलांची वही रात्री भरेल. आधी सेंटर हाफच्या घरी जा. एक्स-रे काढला का आणि डॉक्टर काय म्हणाले, तेवढं मला एका ओळीत कळव.